‘पाउंड्स अँड इंचेस’ : संप्रेरकाधिष्ठित अत्यल्प उष्मांकी आहारविचाराची चिकित्सा

वजन झपाट्याने घटविणाऱ्या आहारपद्धतींमध्ये मानवी कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन अर्थात एचसीजी या गर्भावस्थेतील संप्रेरकावर आधारलेली पद्धती दीर्घायुषी ठरली आहे. तिचे प्रवर्तक डॉ. अल्बर्ट सिमियन्स हे ब्रिटिश वैद्यक. 1931 ते 1949 या काळात ते भारतात होते. मुंबईत त्यांचा व्यवसाय होता आणि कोल्हापूरजवळील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीच्या उभारणीशीही त्यांचे नाव निगडित आहे. पुढे रोम येथे स्थायिक झाल्यावर 1954 मध्ये ‘लॅन्सेट’मधील लेख व ‘पाउंड्स अँड इंचेस’ ही पुस्तिका यांतून त्यांनी आपली उपपत्ती मांडली. तिचे बीज मात्र भारतातील निरीक्षणात आहे. फ्रोलिक विकाराच्या स्थूल मुलांना हे संप्रेरक अल्प मात्रेत दिले असता त्यांची अनावर भूक ओसरली आणि वजन न घटताही नितंबांचा घेर कमी झाला, असे ते नोंदवितात.

या निरीक्षणावरून त्यांनी रचलेला उपचार असा : रोज 125 एककांचे इंजेक्शन आणि 500 उष्मांकांचा आहार. सोलापूरच्या वाचकास या आकड्याचा अर्थ सहज उमगेल. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी सुमारे 340 उष्मांक देते. सोबत 30 ग्रॅम शेंगदाण्यांची चटणी घेतली की दिवसभराचा हिशेब संपला! अर्थात सिमियन्स यांच्या पथ्यात शेंगदाण्याला स्थानच नाही. अंगाला तेल चोळण्यासही तेथे मनाई आहे.

पुस्तिकेचे बलस्थान मान्य करावयास हवे. स्थूल व्यक्ती ही खादाड वा दुबळ्या मनाची असते, हा समज सिमियन्स नाकारतात आणि स्थूलतेस शारीरिक विकार मानतात. रुग्णाच्या मानहानीची त्यांना जाण आहे. पुस्तिकेची लोकप्रियता बव्हंशी या सहानुभूतीतून आली असावी. परंतु सहानुभूती हा पुरावा नव्हे. केवळ 500 उष्मांकांवर राहणाऱ्या कोणाचेही वजन घटणारच. मग श्रेय इंजेक्शनचे की उपासमारीचे? हा प्रश्न तुलनागटाशिवाय सुटत नाही, आणि तुलनागट पुस्तिकेत नाही.

शाकाहारी भारतीयांविषयीचा परिच्छेद या दृष्टीने बोलका आहे. त्यांना मांसाऐवजी दिवसाला 500 मिलिलिटर साय काढलेले दूध सांगितले आहे. भात, कडधान्ये वर्ज्य. एवढे करूनही त्यांची घट मांसाहारींच्या निम्मीच होते, असे सिमियन्स स्वतःच सांगतात आणि दुधातील साखरेकडे बोट दाखवून पुढे जातात. संप्रेरक तेच, पथ्य तितकेच कठोर, मग फळ निम्मे का? उपपत्तीला आव्हान देणारी ही नोंद त्यांच्याच हातून लिहिली गेली. पण तिची तपासणी मात्र झाली नाही. महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांच्या ताटाशी थेट संबंध असलेला हा परिच्छेद इंजेक्शनच्या प्रचारकांनी क्वचितच उद्धृत केला असेल.

ही तपासणी इतरांनी केली. 1973 मध्ये अॅशर व हार्पर यांना संप्रेरकाचा लाभ दिसला होता. तथापि 1976 मध्ये स्टाइन व सहकाऱ्यांनी 51 स्थूल स्त्रियांवर दुहेरी अंध पद्धतीने 32 दिवसांचा प्रयोग केला. वजनातील घट, कंबर व नितंबांचे माप आणि भुकेची तीव्रता यांपैकी कशातही संप्रेरकाचा गट व निष्क्रिय इंजेक्शनचा गट यांत लक्षणीय फरक आढळला नाही. येथे सिमियन्स यांची तिन्ही गृहीतके एकाच वेळी कोसळतात. 1995 मध्ये डच संशोधकांनी केलेल्या 24 अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातही पुरावा मिळाला नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2011 मध्ये ‘होमिओपॅथिक’ नावाने एचसीजी विकणाऱ्या कंपन्यांना इशारे दिले आणि अशा आहारामुळे पित्ताशयात खडे, क्षारांचे असंतुलन व हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता संभवते, हेही स्पष्ट केले.

2025 मध्ये टिर्झेपटाइड भारतात आले आणि पाठोपाठ वजनासाठीचे सेमाग्लुटाइडही आले. त्यामुळे संप्रेरकाच्या सुईने वजन उतरविण्याचा विचार पुन्हा घरोघरी पोहोचला आहे. या औषधांमागे मोठ्या नियंत्रित चाचण्या आहेत. त्यांचे दुष्परिणाम व किंमत हा स्वतंत्र चर्चेचा विषय होय. सिमियन्स यांच्या इंजेक्शनची गल्लत या औषधांशी करणे सर्वथा अनुचित आहे. वजनावरील एचसीजीच्या परिणामाचा पुरावा 1954 मध्ये नव्हता आणि त्यानंतरच्या नियंत्रित अभ्यासांतूनही तो पुढे आलेला नाही.