फ्लॉरेन्सच्या चौकातील पुतळे

सौंदर्यवस्तू ही स्वयंपूर्ण असते, तिचा आस्वाद घेण्यास तिच्या जन्मकथेची जरुरी नाही, हे मत आम्ही महाविद्यालयात इंग्रजी टीकाग्रंथांतून उचलले आणि पुढे अनेक वर्षे विद्यार्थ्यांना मोठ्या विश्वासाने सांगितले. माझ्यापुरता या मताला पहिला तडा गेला तो इटलीतील फ्लॉरेन्स नगराच्या ‘पियाझ्झा देल्ला सिन्योरिया’ या चौकाचा इतिहास वाचताना.

हा चौक कोणा वास्तुविशारदाने कागदावर आखून निर्माण केलेला नव्हे. तेराव्या शतकात पराभूत झालेल्या उबेर्ती घराण्याची घरे विजयी पक्षाने जमीनदोस्त केली, आणि त्या ओसाड भूमीवर हा चौक वाढत गेला. १२९९ साली त्याच्या कडेस किल्ल्यासारखा भक्कम राजवाडा उभारण्यास आरंभ झाला. त्यात सिन्योरिया, म्हणजे दोन दोन महिन्यांसाठी निवडले जाणारे कारभारी मंडळ, राहत असे. मोठ्या प्रसंगी मनोऱ्यावरील घंटा वाजली की नागरिकांनी चौकात जमावे व पुढे येणाऱ्या प्रस्तावास होकार द्यावा, अशी रीत होती. सभोवती सशस्त्र शिपाई उभे करून हा होकार मिळविण्याची युक्तीही सत्ताधाऱ्यांना लवकरच साधली. १४९७ साली साव्होनारोला या धर्मोपदेशकाच्या प्रेरणेने येथेच आरसे, अलंकार व ग्रंथ यांची होळी झाली. आणि पुढल्याच वर्षी, २३ मे १४९८ रोजी, त्याच चौकात त्यालाच फाशी देऊन जाळण्यात आले.

अशा भूमीवर उभी राहणारी मूर्ती केवळ मूर्ती कशी राहणार? १४९४ साली मेदिची घराण्याची हकालपट्टी झाली. दुसऱ्याच वर्षी नागरिकांनी त्यांच्या वाड्यातील, दोनातेल्लोने घडविलेली ज्युडिथची मूर्ती उचलून राजवाड्याच्या दाराशी आणून ठेवली. धनिकाच्या अंगणातील ही शोभेची वस्तू चौकात येताच जुलमी सत्ताधीशास दिलेला इशारा ठरली. धातूचा एक कणही बदलला नव्हता. बदलली होती ती केवळ जागा.

मायकेल अँजेलोच्या ‘डेव्हिड’ची कथा याहून बोलकी आहे. ही सुमारे १७ फुटी मूर्ती मुळात नगरातील मुख्य देवालयाच्या उंच भागी बसवावयाची होती. १५०४ साली तिच्या जागेचा विचार करण्यास भरलेल्या सभेत लिओनार्दो व बोत्तिचेल्ली यांच्यासारखे कलावंत होते. स्त्रीने पुरुषाचा वध करावा हे दृश्य अशुभ आहे, सबब ज्युडिथला हलवावे, असाही युक्तिवाद तेथे झाला. अखेर ज्युडिथ हलली आणि तिच्या जागी डेव्हिड उभा राहिला. धर्मकथेतील गोपबालक प्रजासत्ताकाचा पहारेकरी झाला. १५२७ च्या दंग्यात राजवाड्यातून फेकलेल्या बाकाने त्याचा डावा हात मोडला.

पुढे मेदिची परतले, पण त्यांनी डेव्हिडला हलविले नाही. उलट ड्यूक कॉसिमोने त्याचा हात दुरुस्त करविला! शत्रूचे प्रतीक फोडण्यापेक्षा ते सांभाळून निरुपद्रवी करणे अधिक शहाणपणाचे, हे त्याने ओळखले असावे. १५३४ साली डेव्हिडशेजारी बांदिनेल्लीचा ‘हर्क्युलीझ’ उभा राहिला. १५५४ साली समोरच्या तीन कमानींच्या मंडपात चेल्लिनीचा ‘पर्सियस’ मेदूसाचे छिन्न मस्तक उंचावून प्रकट झाला. आता या चौकात चार वध झाले होते. वध कोणाचा, हे प्रत्येक मूर्ती सांगते; वध कोणाच्या वतीने, हे मात्र चौकच सांगतो. १५९४ साली कॉसिमोचाच अश्वारूढ पुतळा बसविण्यात आला, तेव्हा रूपकाची भीडही संपली.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. स्थळानेच अर्थ येत असेल, तर बांदिनेल्लीचा हर्क्युलीझ आणि चेल्लिनीचा पर्सियस यांत डावे-उजवे काय? दोन्ही एकाच सत्तेची कामे. पण हर्क्युलीझ आपले बळ स्नायूंच्या गाठी मोजून दाखवितो आणि तेथेच थांबतो. पर्सियस मात्र मान खाली घालून, जणू स्वतःच्या विजयाने अंतर्मुख होऊन उभा आहे. ड्यूकची आज्ञा त्याने पाळली आणि ओलांडलीही. तात्पर्य, स्थळ कृतीला अर्थ देते. सौंदर्य देणे त्याच्या हाती नाही. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या आपल्याकडील वादात दोन्ही पक्ष या दोन देणग्यांची गल्लत करीत आले, असे मला वाटते.

१८७० साली कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात याच नगरी निवर्तले, तेव्हा मूळ डेव्हिड अजून आपल्या जागी ऊनपाऊस सोशीत उभा होता. १८७३ साली, संगमरवर झिजतो म्हणून, त्याला संग्रहालयात नेण्यात आले; १९१० साली चौकात त्याची प्रतिकृती बसली. कालांतराने मूळ ज्युडिथही राजवाड्याच्या आत गेली. आज त्या चौकात प्रजासत्ताकाच्या या दोन्ही मूर्ती प्रतिकृतिरूपाने उभ्या आहेत, आणि हर्क्युलीझ, पर्सियस व घोड्यावरचा ड्यूक मात्र अस्सल आहेत. हा योगायोग हवामानाचा खरा. तथापि तो मनाला लागतो.

संग्रहालयातील डेव्हिड पाहणारा त्याच्या अंगप्रत्यंगांची वाखाणणी करील, आणि ती यथार्थच असेल. परंतु त्याची रोखलेली नजर कोणावर आहे, हा प्रश्न त्याला तेथे पडेल काय? तो प्रश्न विचारते ती दाराशी उभी असलेली प्रतिकृती. मूळ मूर्ती वाचविणे अवश्य होते, यात शंका नाही. मात्र आपण तिचा दगड वाचविला आणि तिचे बोलणे चौकातच राहिले, एवढे तरी रसिकाने विसरू नये.