‘फॅरनहाइट ४५१’ : वाचन आणि पाठांतर

लोकांच्या आवडीची एखादी कादंबरी पडद्यावर आली की तिच्याविषयीची चर्चा बहुधा ठरलेल्या वळणाने जाते. कोणते प्रसंग गाळले, कोणते घातले, कोणते पात्र वाचविले, कोणते मारले, ह्याचा जमाखर्च मांडला जातो व त्यावरून रूपांतर मूळाशी कितपत इमानी आहे ह्याचा निकाल दिला जातो. हा जमाखर्च निरुपयोगी नाही. परंतु तो अपुरा आहे. कादंबरी शब्दांची असते, चित्रपट दृश्याचा व ध्वनीचा असतो. तेव्हा एकीतील घटना दुसऱ्यात जशाच्या तशा उतरल्या तरी त्यांचा अर्थ तोच राहील असे नाही. रे ब्रॅडबरी ह्यांची ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) ही विज्ञानकादंबरी व फ्रान्स्वा त्रुफो ह्यांनी तिच्यावरून केलेला त्याच नावाचा चित्रपट (१९६६) ह्यांची तुलना ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. कारण येथे कादंबरीचा विषयच पुस्तक हा आहे.

कथानक परिचित आहे. भावी काळातील एका नगरात अग्निशामक दलाचे काम आग विझविण्याचे नसून पुस्तके जाळण्याचे आहे. शीर्षकातील आकडा हे कादंबरीच्या मते पुस्तकाचा कागद पेट घेण्याचे तापमान होय. त्या दलातील मॉन्टॅग हा जवान क्लॅरिस नावाच्या मुलीच्या सहवासाने अस्वस्थ होतो, पुस्तके चोरून वाचू लागतो, पकडला जातो, पळतो आणि शेवटी पुस्तके मुखोद्गत करून हिंडणाऱ्या लोकांना जाऊन मिळतो. ‘गॅलक्सी’ मासिकाच्या फेब्रुवारी १९५१ च्या अंकातील ‘द फायरमन’ ह्या दीर्घकथेचा विस्तार करून ब्रॅडबरींनी ही कादंबरी सिद्ध केली.

जमाखर्चाच्या रीतीने पाहता चित्रपटाने पुष्कळ सोडले आहे. कादंबरीतील यांत्रिक शिकारी कुत्रा येथे नाही. मॉन्टॅगला मार्गदर्शन करणारा वृद्ध प्राध्यापक फेबर नाही. शेवटी नगराची राखरांगोळी करणारे युद्धही नाही. मॉन्टॅगच्या पत्नीचे मिल्ड्रेड हे नाव बदलून लिंडा झाले आहे. कादंबरीतील सतरा वर्षांची क्लॅरिस चित्रपटात शिक्षिका आहे, व कादंबरीत ती लवकरच नाहीशी होते तर येथे शेवटपर्यंत जगते. पत्नी आणि क्लॅरिस ह्या दोन्ही भूमिका ज्यूली क्रिस्टी ह्या एकाच अभिनेत्रीने केल्या आहेत. ह्यांपैकी एक बदल मूळ लेखकालाही पटला : ब्रॅडबरींनी पुढे स्वतः केलेल्या नाट्यरूपांतरात क्लॅरिसला जिवंत ठेवले. रूपांतराने मूळ लेखकाला काही शिकवावे, ही घटना विरळाच म्हटली पाहिजे.

त्रुफो ह्या प्रश्नाकडे अजाणतेपणे वळलेले नव्हते. ‘काहिये द्यू सिनेमा’ ह्या नियतकालिकात जानेवारी १९५४ मध्ये त्यांनी फ्रेंच चित्रपटांतील एका प्रवृत्तीवर कठोर लेख लिहिला होता. कादंबरीतील काही प्रसंग चित्रित होऊच शकत नाहीत असे आधी ठरवायचे व मग त्यांच्या जागी ‘समतुल्य’ प्रसंग रचून घालायचे, ही जाँ ओरांश व प्येर बोस्त ह्या पटकथाकारांची पद्धती त्यांनी त्यात झोडपली होती. बर्नानोसच्या कादंबरीवरून रोबेर ब्रेसाँ ह्यांनी केलेला चित्रपट (१९५१) त्यांनी उलट बाजूचा दाखला म्हणून पुढे ठेवला. असा टीकाकार बारा वर्षांनी स्वतः एक कादंबरी हाती घेतो आणि तिच्यातील कुत्रा, प्राध्यापक व युद्ध वगळतो, तेव्हा त्याला त्याचीच कसोटी लावणे न्याय्य ठरते.

त्या कसोटीवर चित्रपट उतरतो तो एका मूलभूत निर्णयामुळे. त्रुफोंनी पडद्यावरून लिपी काढून घेतली. चित्रपटाच्या आरंभी श्रेयनामावली लिहून येत नाही. छपरांवरील दूरचित्रवाणीच्या अँटेना दिसत असता एक आवाज ती बोलून दाखवितो. मॉन्टॅग अंथरुणात जे वृत्तपत्र चाळतो त्यात केवळ चित्रांच्या चौकटी आहेत. एकही शब्द नाही. प्रेक्षकाच्या डोळ्यांना अक्षर भेटते ते मुख्यतः पुस्तकावर, आणि ते पुस्तक बहुधा जळण्याच्या वाटेवर असते.

हा निर्णय कादंबरीतून सरळ उचललेला नाही, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. ब्रॅडबरींच्या नगरात लेखन शिल्लक आहे. भरधाव मोटारींतून वाचता यावेत म्हणून तेथे जाहिरातींचे फलक दोनशे फूट लांबीचे केले आहेत. चित्रकथा व व्यवसायविषयक नियतकालिके ह्यांना मुभा आहे. अग्निशामक दलाजवळ नियमांचे पुस्तक आहे. एवढेच नव्हे, तर भिंतीवरील नाटकात भाग घेण्यासाठी मिल्ड्रेडला तिच्या भूमिकेची लेखी संहिता मिळते. चित्रपटातील लिंडाला अशी संहिता नाही. पडद्यावरील नट तिच्याकडे वळून मत विचारतात व ती जमेल तसे उत्तर देते. सारांश, कादंबरीत वाङ्मयाला बंदी आहे, चित्रपटात लिपीलाच बंदी आहे. ह्याला ओरांश-बोस्त पद्धतीचे ‘समतुल्य’ म्हणता येणार नाही. तेथे माध्यम दुबळे मानून पळवाट काढलेली असते; येथे चित्रपटाला सहज उपलब्ध असलेली एक गोष्ट त्याने हेतुपूर्वक नाकारली आहे. कादंबरी वाचणारा वाचत असतानाच पुस्तकबंदीची गोष्ट ऐकतो, म्हणून त्याला बंदीची झळ कल्पनेनेच लागते. प्रेक्षकाला मात्र ती प्रत्यक्ष लागते.

ह्या नकाराचे फळ मॉन्टॅगच्या पहिल्या वाचनाच्या प्रसंगी मिळते. रात्री तो डिकन्सची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ उघडतो व ओळीखाली बोट फिरवीत मोठ्याने वाचू लागतो. तो कथेपासून सुरुवात करीत नाही; मुखपृष्ठामागील पानावरचे नाव, चित्रकार, प्रकाशक व त्याचे गाव हे सर्व तितक्याच गांभीर्याने वाचतो. नवशिक्याला ग्रंथ कोठे सुरू होतो हे ठाऊक नसते. त्याच्या लेखी प्रत्येक छापील अक्षर सारखेच मोलाचे असते. लिपी आणि उच्चार ह्यांचा संबंध प्रौढ वाचकाला इतका अंगवळणी पडलेला असतो की तो त्याला दिसेनासा होतो. ह्या दृश्यात तो संबंध पुन्हा दिसू लागतो. अर्थात लिपीच नसलेल्या समाजात ह्या मनुष्याने अक्षरे कोठे गिरविली हा प्रश्न उरतोच, आणि चित्रपट त्याचे समाधानकारक उत्तर देत नाही.

चित्रपटाच्या उणिवा येथेच संपत नाहीत. ब्रॅडबरींचे गद्य रूपकांनी ओथंबलेले आहे. त्याचा मागमूस संवादांत नाही. हा त्रुफोंचा इंग्रजीतील एकमेव चित्रपट, आणि त्या भाषेवर त्यांचे प्रभुत्व नव्हते. वाचन गमावलेल्या समाजाची बोली अशीच सपाट असणार, असे समर्थन करता येईल. परंतु विद्रोही व्यक्तींची बोलीही तितकीच सपाट असल्याने हे समर्थन टिकत नाही. त्याहून मोठी हानी बीटी ह्या अधिकाऱ्याच्या बाबतीत झाली आहे. बंदीचा आरंभ सरकारने केला नाही. लोकांनीच आधी संक्षेप मागितले, मग संक्षेपांचे संक्षेप, आणि शेवटी त्यांना काहीच नको झाले, ही बीटीची मीमांसा कादंबरीचा कणा आहे. चित्रपटातील कॅप्टनही ग्रंथांमुळे कोणाकोणाची मने दुखावली ते सांगतो, पण वाचकांनी वाचन हळूहळू सोडून दिल्याचा तो दीर्घ इतिहास तेथे क्षीण होतो. त्यामुळे दोष राज्यकर्त्यांकडे झुकतो व प्रेक्षक सुटतो.

दोन कृतींमधील सर्वांत खोल भेद मात्र शेवटात आहे. कादंबरीतील ग्रेंजर आणि त्याचे सोबती ह्यांनी एकदा वाचलेले जसेच्या तसे आठविण्याची पद्धती शोधून काढलेली असते. त्यांची स्मृती म्हणजे जपून ठेवलेले पान होय. मॉन्टॅगजवळ बायबलातील ‘एक्लिझिअ‍ॅस्टीझ’ हा भाग आहे असे कळताच ग्रेंजर सांगतो की तो यंग्झटाउनच्या हॅरिस नावाच्या माणसाजवळही आहे. त्याचे काही बरेवाईट झाले तर मॉन्टॅग हाच तो ग्रंथ. ही भाषा प्रतींची आहे : एक प्रत गहाळ झाली तर दुसरी. युद्ध संपले की ह्या प्रतींवरून पुन्हा छपाई व्हावयाची आहे. चित्रपटात युद्धच नसल्याने त्या आशेला मुदत राहिलेली नाही. तेथे माणसे बर्फात येरझारा घालीत ग्रंथ म्हणत असतात. दोन जुळे भाऊ ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे दोन भाग झाले आहेत, एक मरणोन्मुख वृद्ध स्टीव्हन्सनची अपुरी राहिलेली कादंबरी एका मुलाच्या मुखी देत आहे. येथे स्मृती पानासारखी नसून आवाजासारखी आहे, आणि आवाज देहाबरोबर संपतो.

मौखिक परंपरेच्या अभ्यासकाला ह्या दृश्यात एक न्यून तत्काळ जाणवेल. वेदपाठकांनी पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीतींनी शब्दांची उलटसुलट आवर्तने रचली ती चूक पकडली जावी म्हणून, आणि ती एकट्याने नव्हे, गुरुशिष्यांच्या व सहाध्यायांच्या समुदायात जोपासली. ‘लीळाचरित्रा’चे उदाहरण मराठीच्या विद्यार्थ्याला अधिक जवळचे आहे. म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी ठिकठिकाणच्या लोकांकडून गोळा केल्या व त्या नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. पुढे मूळ पोथी परचक्रात नष्ट झाली आणि अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, असे महानुभाव परंपरा सांगते. तो उभा राहिला, पण अनेक पाठ घेऊन. ग्रंथ वाचला, परंतु ‘असे नव्हे, तसे’ म्हणणारी माणसे भोवती होती म्हणून वाचला.

त्रुफोंच्या बर्फाळ रानात असे म्हणणारे जवळजवळ कोणी नाही. एकटा तो वृद्ध मुलाचे म्हणणे ऐकत असतो; बाकीचे आपापला ग्रंथ पुटपुटत एकमेकांना ओलांडून जातात. पुष्कळ समीक्षकांना हा शेवट आशादायक वाटला आहे. तथापि चित्रपटाच्या स्वतःच्याच पुराव्यावरून पाहिले तर तो निर्मळ विजय नाही. बोट फिरवीत अडखळणारा मॉन्टॅग वाचन करीत होता : तो थांबू शकत होता, मागे वळू शकत होता, न समजलेल्या शब्दाशी झगडू शकत होता. रानातील मॉन्टॅग पो ह्या लेखकाच्या कथा पाठ करीत आहे. मराठीत वाचन आणि पाठांतर हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांतील अंतर हाच ह्या चित्रपटाचा खरा आशय होय. कादंबरीने हे अंतर फारसे मानलेले नाही; तिच्या मते मजकूर टिकला की ग्रंथ टिकला. चित्रपटाने, कदाचित आपल्या कर्त्याच्या हेतूपलीकडे जाऊन, दाखविले ते असे की मजकूर टिकूनही वाचक हरवू शकतो. मूळ कृतीने न विचारलेला, पण तिच्याच पोटात असलेला प्रश्न विचारणे ही रूपांतराची निष्ठाच समजली पाहिजे. आणि ती घटनांच्या जमाखर्चात कोठेही नोंदली जात नाही.