वेडाचा विटाळ

जामखेडच्या डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याचे १९९४ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी पुस्तक आम्ही अलीकडे पुन्हा वाचावयास घेतले आणि ते संपण्यापूर्वीच आमचा हात ‘स्मृतिचित्रां’कडे वळला. दोन्ही ग्रंथांचा नगर जिल्ह्याच्या मातीशी संबंध, दोन्ही ख्रिस्ती लेखणीतून उतरलेले; एवढेच साम्य असते तर हे टिपण लिहिण्याचे प्रयोजन नव्हते.

लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रकाशित झाले. त्याच्या आरंभीच त्यांच्या वडिलांचे सोवळे येते. १८५७च्या धामधुमीत सासुरवाडीवर फाशीचा घाला पडला आणि त्यानंतर नाना गोखल्यांना विटाळाच्या भयाने असे घेरले की, धुण्या-शिंपण्याला अंत राहिला नाही. त्याचा जाच सारे घर सोशीत होते. आजचे डॉक्टर या व्याधीला नाव देतील. लक्ष्मीबाई देत नाहीत. मराठी वाचक मात्र हे प्रसंग वाचून हसत आला आहे. आम्हीही हसलो. पण हे हसू तुच्छतेचे नव्हे. जी गोष्ट घराण्याच्या अब्रूसाठी माजघरात पुरून टाकायची, ती या लेकीने पहिल्याच पानांत उंबऱ्याबाहेर आणली, हे आमच्या मते या ग्रंथाचे पहिले धैर्य. एक उणीवही सांगितली पाहिजे. विनोदाच्या ओघात नानांच्या स्वतःच्या यातनेपर्यंत त्या क्वचितच पोहोचतात. भिणाऱ्याच्या अंतरी काय चालले असेल, हे वाचकाने ताडायचे.

स्वतःविषयी मात्र त्या हात राखीत नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या ताटातुटीत आपले मन किती ढळले होते, हे त्या मोकळेपणाने सांगतात आणि त्याच दुःखात त्यांची कविता जन्मते. पुढे, १९०० साली, त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. परंतु त्याआधीच जातिभेद माणसाने निर्मिला आहे अशी त्यांची खात्री पटली होती. समीक्षक या प्रसंगाकडे सामाजिक सुधारणा म्हणून पाहतात. आम्हांला त्यात बापाच्या भयाची लेकीच्या ठायी झालेली अखेर दिसते.

आरोळ्यांचे पुस्तक येथेच येऊन भिडते. वाङ्मय म्हणून त्याची तुलना ‘स्मृतिचित्रां’शी होणार नाही, त्याची शैली अहवालाकडे झुकते. पण १९७० साली जामखेडला आलेल्या या डॉक्टरांनी कुष्ठरुग्णांसाठी वेगळे आवार न बांधता त्यांना इतर रुग्णांबरोबरच तपासले, हातपंप दलित वस्तीत बसवून साऱ्या गावाला तेथे पाण्यास यावयास लावले, ही हकिकत वाचताना एक गोष्ट ध्यानी येते. औषधाइतकेच महत्त्व त्यांनी रुग्ण कोणाच्या शेजारी बसतो याला दिले. या कामाची दखल १९७९ साली मॅगसेसे पुरस्काराने घेतली गेली.

मनाच्या आजाराला अजून आपण त्या बाकावर बसू दिलेले नाही. आमच्याच धर्मग्रामात मिस्साचा हेतू सांगताना मधुमेहाचे, कर्करोगाचे नाव निघते. मनोरुग्णासाठी मात्र ‘एका खास हेतूसाठी’ एवढेच. मुलीचे लग्न अडेल म्हणून भावाला पाहुण्यांपासून दडवायचे, प्रार्थनासभेला न्यायचे, पण मनोविकारतज्ज्ञाकडे नाही! यात श्रद्धा किती आणि लाज किती, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःशी पडताळावे. ख्रिस्तसभेचे धोरण याहून उदार आहे. १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथात गंभीर मानसिक विकाराने आत्मघात करणाऱ्याची जबाबदारी कमी होऊ शकते असे म्हटले आहे आणि त्याच्या तारणाविषयी निराश होऊ नये असेही.

संत मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशूला त्याचे आप्तच धरून न्यावयास निघतात, कारण तो भ्रमिष्ट झाला आहे असे त्यांना वाटते. (हा उतारा आपल्याकडे प्रवचनात फारसा ऐकू येत नाही.) पुढे दोनच अध्यायांनी थडग्यांत राहणारा, साखळदंड तोडणारा तो माणूस भेटतो. प्रभू त्याला नाव विचारतो. बरा झाल्यावर तो प्रभूबरोबर नावेत येऊ पाहतो, पण प्रभू त्याला त्याच्या घरी, त्याच्या माणसांत परत पाठवतो. घरच्यांनी दार कसे उघडले, हे मार्कने लिहिलेले नाही.