पाठीवरचा प्रभू आणि हातावरचे गोंदण

अंगावर गोंदवून घेणे ख्रिस्ती श्रद्धेला बाधक आहे काय, हा प्रश्न अलीकडे आमच्यापुढे वारंवार येतो. घोटीच्या बाजारात यंत्र घेऊन बसलेल्या माणसाकडून एखादा तरुण दंडावर क्रूस गोंदवून घेतो आणि दुसऱ्या दिवशी त्याची आई डोळ्यांत पाणी आणून विचारते, "फादर, ह्याच्या हातून पाप घडलं का हो?" या प्रश्नाला शास्त्राधारे उत्तर देता येते व ते आम्ही पुढे देणारच आहोत. परंतु प्रश्नाचा गाभा आम्हांस प्रथम उमगला तो एका कथेच्या वाचनाने. म्हणून आज त्या कथेचाच परामर्श घेण्याचे योजिले आहे.

कथेचे नाव 'पार्कर्स बॅक', म्हणजे पार्करची पाठ. लेखिका फ्लॅनरी ओकॉनर ही अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात राहणारी निष्ठावंत कॅथलिक स्त्री. दुर्धर व्याधीने वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, 1964 च्या ऑगस्ट महिन्यात तिचे निधन झाले. शेवटच्या आजारपणात तिने जे लिखाण हातावेगळे केले, त्यात ही कथा होती. पुढील वर्षी ती प्रसिद्ध झाली.

चौदा वर्षांच्या पार्करला जत्रेत एक नखशिखांत गोंदलेला माणूस दिसतो आणि त्याच्या मनात कसलीशी अनामिक ओढ जागी होते. मग हा नौदलात जातो व बंदरोबंदरी गोंदवून घेतो. प्रत्येक चित्राचे समाधान काही दिवस टिकते आणि मन पुन्हा रितेच राहते. स्वतःला दिसणार नाही म्हणून पाठ तेवढी कोरी राहिलेली असते. त्याची पत्नी सारा रूथ ही कडव्या धर्मोपदेशकाची कन्या. चर्चची इमारतसुद्धा तिला मूर्तिपूजा वाटते. एके दिवशी शेतात पार्करचा ट्रॅक्टर झाडावर आदळून पेट घेतो, त्याचे जोडे जळतात आणि तो अनवाणी दूर फेकला जातो. जळत्या झुडपापुढे पायतण काढणारा मोशे इथे कोणाला आठवणार नाही? तडक शहरात जाऊन पार्कर पाठीवर बायझंटाइन शैलीतील प्रभू ख्रिस्ताचा मुखडा गोंदवून घेतो. पत्नीला आता तरी आनंद होईल, अशी त्याची भाबडी आशा. परंतु देवाला रूप नाही, हे मूर्तिपूजन आहे, असे म्हणून ती केरसुणीने त्याची पाठ फोडून काढते. प्रभूच्या मुखावर वळ उठतात. अखेरीस पार्कर झाडाला टेकून तान्ह्या मुलासारखा रडताना दिसतो.

आमच्या मते ओकॉनरने येथे दोन चुका समोरासमोर उभ्या केल्या आहेत. अंतःकरणातील पोकळी कातडीवरच्या शाईने भरून निघेल, ही पार्करची चूक. श्रद्धेला देहाचे काहीच देणेघेणे नाही, ही सारा रूथची. दुसरी चूक अधिक गंभीर होय. कारण शब्द देही झाला, या आपल्या श्रद्धेच्या पायावरच ती घाव घालते. देवाने मानवी देह धारण केला म्हणून त्याची प्रतिमा सन्मान्य ठरते, असा निर्णय इ.स. 787 मध्ये निकेया येथील दुसऱ्या विश्वपरिषदेने दिला. पुनरुत्थित प्रभूनेही थोमाला आपल्या देहावरचे व्रणच दाखविले.

कथेत एक उणीवही आहे. सारा रूथच्या वाट्याला लेखिकेने सहानुभूती फारच थोडी दिली आहे. तिच्या कठोरतेमागेही देवाविषयीचे खरे भय असू शकेल, ही शक्यता कथेत पुरेशी फुलत नाही.

आता शास्त्राकडे वळू. लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातील अठ्ठाविसावे वचन गोंदण्यास मनाई करते. पण ही मनाई मृतांसाठी अंगावर जखमा करून घेण्याच्या मनाईला जोडून आली आहे. त्याच अध्यायात दाढीचे कोपरे न छाटण्याची व दोन प्रकारच्या धाग्यांचे वस्त्र न वापरण्याचीही आज्ञा आहे. इस्राएलला शेजारच्या विधींपासून वेगळे राखणे हा तिचा हेतू होता. उलटपक्षी, यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात परमेश्वर आपल्या प्रजेला स्वतःच्या तळहातांवर कोरतो. पूर्वापार इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती मनगटावर क्रूस गोंदवीत आले आहेत आणि जेरुसलेमचे यात्रेकरू यात्रेची खूण म्हणून. तुर्की अमलात बॉस्नियातील कॅथलिक स्त्रियांनी हातांवर क्रूस गोंदवून आपली ओळख जपली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही 2018 च्या मार्च महिन्यात रोम येथील युवकांच्या सभेत, गोंदण पाहून बिचकू नये, उलट त्यातून संवाद सुरू करावा, असा सल्ला दिला होता.

मग आमच्या हाती केरसुणी नव्हती काय? होती, हे कबूल केले पाहिजे. घोटीच्या आसपासच्या पाड्यांवरील ठाकर व महादेव कोळी समाजातील वृद्ध स्त्रियांच्या हातांवर हिरवट गोंदण असते. मेल्यावर सोबत येणारा दागिना तेवढाच, अशी जुनी लोकसमजूत. सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलेले आम्ही, एका आजीच्या हातावरील तुळस पाहून चारचौघांत म्हणालो होतो की, ही अंधश्रद्धेची खूण आहे. त्यानंतर ती ख्रिस्तशरीर घ्यावयास येई, ती पदराने हात झाकून. पुढे अनेक वर्षांनी रुग्णाभ्यंगाचा संस्कार देण्यासाठी तिच्या खाटेशी गेलो. तळहातांना तेल लावू लागलो, तर त्या अवस्थेतही तिने पदर मनगटावर ओढला. लहानपणी आईने मांडीवर बसवून गोंदविलेली ती तुळस. तिने ती निवडली नव्हती आणि तिची पूजाही केली नव्हती. आम्ही पदर बाजूला सारून क्षमा मागितली. तिने नुसता हात आमच्या हातात राहू दिला.

म्हणून त्या आईला आमचे सांगणे असे : गोंदण हे स्वतः पाप नव्हे. मुलाला प्रथम जवळ बसवावे आणि क्रूसच का निवडलास, एवढे विचारावे. तरुणांना सांगणे असे की, सूचनाविरहित उत्साहात, अस्वच्छ सुईने, मित्रांच्या पैजेखातर देह कोरून घेऊ नये. देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे. द्वेषाचे, अभद्रतेचे वा मंत्रतंत्राचे चिन्ह तर मुळीच नको. आणि क्रूस गोंदविलाच, तर त्या हाताने कोणावर घाव घालू नये. स्नानसंस्काराने आत्म्यावर उमटलेली मुद्रा कधी पुसली जात नाही. ती डोळ्यांना दिसत नाही. आपल्या वागण्यातूनच ती इतरांना वाचता येते.