गुलहौशी तो, उठवळ ती

मंडळी, बारामतीत बोलायचं तर मोरोपंतांना नमस्कार करूनच. पण आज आम्ही थांबणार आहोत पंतांच्या आर्या कीर्तनातून गाणाऱ्या राम जोशींपाशी. सोलापूरचा हा विद्वान तमाशाच्या फडात गेला, लावण्या रचल्या. त्याच्याविषयी बोलताना लोक काय म्हणतात? रंगेल. गुलहौशी. फार तर छंदीफंदी. आणि म्हणताना गालात हसतात.

ही विशेषणं बघा. 'गुलहौशी' म्हटलं की निम्मा गुन्हा माफ. 'छंदीफंदी'त कानउघाडणी आहे, पण ती घरच्या माणसाची.

आता इंदापूर-बारामतीच्या कुठल्याही पारावर कान द्या. तीच चार दिवसांची मौज बाईनं केली की ती उठवळ, चवचाल. इथे कुणी हसत नाही. 'अल्लड' आहे म्हणाल, तर तो शब्द तिला माफ करतो खरा, पण तिला काही कळतच नव्हतं असंही ठरवून टाकतो. तिला कळत होतं, हवं होतं, यासाठी शब्द कुठाय?

शृंगारिक लावणी बहुतेक पुरुषांनीच लिहिली, तरी तिच्यात बोलते बाई. ती स्वतःला विशेषण लावत बसत नाही. शालूचा रंग सांगते, विड्याची लाली सांगते. आमच्या कथाकारांनी हे उचललं नाही. ते आधी बाईला विशेषण देतात, मग गोष्ट सांगतात.

१९४७चा 'लोकशाहीर राम जोशी' पुन्हा बघा. हंसा वाडकरांच्या बयेला यातलं कुठलं विशेषण लावाल?