पेप्टाइडांचा संयोग आणि पुराव्याचा प्रश्न

संश्लेषित पेप्टाइडांच्या संयोगातून एंझाइमाची सक्रियता प्रकट झाली, की अपेक्षित रेणू सिद्ध झाला, असे मानण्याकडे सहज कल होतो. हा निष्कर्ष कितपत ग्राह्य आहे, हे रिबोन्यूक्लिएज-ए या प्रथिनाच्या इतिहासावरून पाहण्यासारखे आहे.

या प्रथिनात १२४ अमिनो अम्ले आहेत. फ्रेडरिक रिचर्ड्स यांनी १९५८ मध्ये सबटिलिसीनच्या साहाय्याने ते विसाव्या व एकविसाव्या अम्लांमध्ये तोडले. २० अम्लांचे एस-पेप्टाइड आणि १०४ अम्लांचे एस-प्रथिन एकेकटे निष्क्रिय असतात. परंतु द्रावणात एकत्र आणताच, तुटलेला बंध न जुळताही, सक्रियता परत येते. क्रियास्थानाला आवश्यक अशी १२ वी व ११९ वी हिस्टिडिने दोन निरनिराळ्या भागांत असल्यामुळे असे घडते. मात्र एस-पेप्टाइडाची शेवटची पाच अम्ले वगळली तरी सक्रियता जवळजवळ कायम राहते. अर्थात त्या पाच जागी राहिलेली उणीव सक्रियतेच्या कसोटीतून निसटते.

१९६९ मध्ये दोन मार्ग एकाच वेळी पुढे आले. मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत हिर्शमान, डेंकवाल्टर प्रभृतींनी लहान पेप्टाइडे द्रावणात जोडून एस-प्रथिन घडविले व ते एस-पेप्टाइडाशी संयोजित केले. गुट्टे व मेरिफील्ड यांनी १९६३ च्या घन-आधार पद्धतीने संपूर्ण साखळी बांधली. त्यांच्या पदार्थाची विशिष्ट सक्रियता प्रथम १३ टक्के होती. अधिक शुद्धीकरणानंतर, १९७१ मध्ये, ती ७८ टक्के नोंदली गेली. या पद्धतीचा वेग निर्विवाद आहे. तिचे वैगुण्य गणितात दिसते. प्रत्येक जोडणी ९९ टक्के पूर्ण झाली, तरी १२३ जोडण्यांअखेर निर्दोष साखळ्या सुमारे २९ टक्केच उरतात, आणि सदोष साखळ्या त्यांच्याशी इतक्या सदृश असतात की त्या वेगळ्या करणे दुष्कर ठरते. उलट, तुकडे आधी शुद्ध करून मग जोडल्यास दोष वाटेतच गाळता येतात. १९९४ मध्ये केंट व सहकाऱ्यांनी थायोएस्टर व सिस्टीन यांच्याद्वारे असुरक्षित पेप्टाइडे नैसर्गिक बंधाने जोडण्याची जी रीत दिली, तिचे महत्त्व याच कारणाने मोठे आहे.

सारांश, सक्रियता ही योग्य घडीचे रेणू उपस्थित असल्याची साक्ष आहे. सर्व रेणू निर्दोष असल्याची नव्हे. संयोगाचे यश सांगणाऱ्या निबंधाने घटकांची शुद्धताही स्वतंत्रपणे सिद्ध केली पाहिजे.