अवघड, पण अन्यायाचे नव्हे

दिवाळीच्या सुट्टीत आमचा एक माजी विद्यार्थी भेटायला आला होता. सध्या तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बोलता बोलता म्हणाला, "सर, एका गेममधल्या बॉसनं मला तीन दिवस हरवलं. पण दर वेळी का हरलो ते कळत होतं. पहिल्या वर्षी गणितात नापास झालो, ते का, हे मात्र अजून कळलेलं नाही."

त्याचे हे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. परीक्षा घेणे हा आपला रोजचा धंदा. आपल्या परीक्षेपेक्षा एखादा व्हिडिओ गेम अधिक न्यायाचा वाटत असेल, तर तो गेम पाहायला हवा. म्हणून आम्ही दोघा शिक्षकांनी त्याच्याकडून तो खेळ मागून घेतला. आमच्यातले एक विज्ञान शिकवतात आणि पस्तिशीचे आहेत, दुसऱ्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. खेळाचे नाव 'सेकिरो : शॅडोज डाय ट्वाइस'. हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने तो तयार केला आणि मार्च २०१९ मध्ये तो बाजारात आला. त्यात रक्तपात बराच आहे आणि तो प्रौढांसाठीच आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

बॉस म्हणजे काय?

१९९० च्या दशकात टीव्हीला जोडून ज्यांनी 'कॉन्ट्रा' खेळला असेल, त्यांना पहिल्या लेव्हलच्या शेवटी उभी असलेली तोफांची भिंत आठवेल. ती फोडल्याशिवाय पुढे जाता येत नसे. टप्प्याच्या शेवटी वाट अडवून बसलेला असा मोठा शत्रू म्हणजे बॉस. आतापर्यंत जे शिकलात ते आले का, हे तो तपासतो. म्हणजे ही घटक चाचणीच झाली.

या चाचण्या पूर्वी फारशा न्यायाच्या नसत. सुरुवातीचे व्हिडिओ गेम दुकानांत, नाणे टाकून खेळायचे असत. खेळाडू लवकर हरला तर पुढचे नाणे लवकर पडे. अवघडपणा आणि गल्ला यांचे असे नाते होते. १९७८ सालच्या 'स्पेस इन्व्हेडर्स' मध्ये शत्रू कमी होत जातात तसे उरलेले अधिक वेगाने येतात. मूळ कारण असे, की पडद्यावरच्या आकृत्या कमी झाल्या की यंत्राचे काम हलके होऊन ते उरलेल्या आकृत्या भराभर हलवी. निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी हा परिणाम तसाच ठेवला. अवघडपणा वाढवण्याचा सर्वांत सोपा मार्ग त्यातून दिसला : वेग वाढवा.

दुसरा मार्ग १९८७ साली निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर आलेल्या 'पंच-आउट' या मुष्टियुद्धाच्या खेळात दिसतो. त्यात प्रत्येक प्रतिस्पर्धी ठोसा मारण्याआधी काहीतरी खूण करतो. खूण ओळखली की ठोसा चुकवता येतो. इथे वेगाइतकेच निरीक्षणही तपासले जाते. आमच्या मते चांगला बॉस या दुसऱ्या मार्गावरचा असतो.

किल्ल्यावरची लढत

'सेकिरो'चा नायक एक निन्जा आहे. खेळाच्या अगदी आरंभी गवताच्या माळावर गेनिचिरो आशिना नावाचा सरदार त्याला गाठतो आणि त्याचा डावा हात तोडतो. तुम्ही कितीही चांगले लढा, हात जातोच. गेनिचिरोची दुसरी भेट कित्येक तासांनंतर आशिना किल्ल्याच्या माथ्यावर होते. आमचा विद्यार्थी तीन दिवस अडकला होता तो इथेच.

या खेळात शत्रूला दोन मापे आहेत. एक त्याचा जीव आणि दुसरा त्याचा तोल. वार अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी बटन दाबले तर तलवारीवर तलवार आदळून वार परतवला जातो आणि शत्रूचा तोल थोडा ढळतो. तो पुरता ढळला की एका घावात काम होते. पण तुम्ही भिऊन दूर उभे राहिलात तर त्याचा तोल पुन्हा सावरतो, शिवाय गेनिचिरो लांबून बाण मारतो तो वेगळाच. म्हणजे पळून जाणाऱ्याला गुण नाहीत. मात्र शत्रूचा जीव जितका कमी, तितका त्याचा तोल सावकाश सावरतो. म्हणून अधूनमधून केलेला साधा वारही वाया जात नाही. अर्धवट उत्तरालाही काही गुण आहेत.

आता खरी गंमत पाहा. काही वार साध्या बचावाने अडत नाहीत. असा वार येण्यापूर्वी पडद्यावर 'धोका' या अर्थाचे तांबडे जपानी अक्षर चमकते. गेनिचिरो उंच उडी मारून खाली येतो आणि त्यानंतर दोनपैकी एक गोष्ट करतो : तलवार सरळ भोसकतो, किंवा पायांवर आडवी फिरवतो. भोसकण्याच्या वाराला पुढे होऊन त्याचे पाते पायाखाली दाबायचे, आडव्या वाराला वर उडी मारायची. दोन्हींसाठी अक्षर एकच. 'धोका आहे' एवढे खेळ सांगतो, कोणता ते सांगत नाही. ते त्याच्या खांद्यावरून आणि तलवारीच्या टोकावरून आपण ओळखायचे. चांगला प्रश्न असाच असतो. 'इथे विचार करा' असे तो सुचवतो, पण उत्तर हातात देत नाही.

हरल्यावर पुन्हा जिथून सुरुवात करायची ती जागा या लढतीपासून जवळच आहे. मेल्यावर साठवलेले पैसे आणि अनुभवाचे गुण सहसा निम्मे जातात, पण पुन्हा प्रयत्न करायला वेळ लागत नाही. चूक आणि पुढचा प्रयत्न यांच्यात फार अंतर पडले तर चूक विसरली जाते. वही तपासून तीन आठवड्यांनी परत देणाऱ्यांनी (आम्हीही त्यात आलो) याचा विचार करावा.

हात जलद होतो की डोळा शहाणा?

पहिल्या दिवशी आम्हांला वाटले, हे आपल्या वयाचे काम नव्हे. दिवा लागला की बटन दाबा, एवढ्या साध्या कामालाही तरुण माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. त्यात दोनपैकी एक निवडायचे असेल तर वेळ वाढतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. हिक यांनी १९५२ साली दाखवले, की पर्याय वाढतात तसा निवडीचा वेळ वाढतो. मात्र पर्याय दुप्पट झाले म्हणून वेळ दुप्पट होत नाही, त्यात ठरावीक भर पडते.

मग सरावाने काय होते? हात फारसा जलद होत नाही. बदल होतो तो पाहण्यात. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकी संशोधकांनी १९७३ साली बुद्धिबळपटूंवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला, तर निष्णात खेळाडूला बहुतेक सोंगट्यांच्या जागा आठवत, नवख्याला थोड्याच. पण त्याच सोंगट्या कशाही मांडल्या, तर दोघांत जवळपास फरक उरत नसे. निष्णाताची स्मरणशक्ती मोठी नव्हती, त्याला सोंगट्यांचे परिचित गट दिसत होते.

गेनिचिरोसमोर आम्ही हेच अनुभवले. आमच्यातल्या ज्येष्ठांनी एक वही केली होती. प्रत्येक हारीपुढे ते कारण लिहीत. पहिल्या पानावर 'कसा मेलो कळले नाही' असे सहा वेळा लिहिलेले आहे. तिसऱ्या पानावर 'भोसक समजून पुढे गेलो, वार आडवा होता' असे आहे. पाचव्या पानावर नुसते 'घाई'. सुटे सुटे वार आता वाक्यासारखे दिसू लागले होते. वाक्याची सुरुवात ऐकली की शेवट कळावा, तसे. जी अवघड गोष्ट आकृतिबंधावर उभी असते ती शिकता येते, जी निव्वळ वेगावर उभी असते ती नाही. कठीण आणि अन्यायाचे यांतला पहिला फरक हा.

वाईट प्रश्नपत्रिका

तुलनेसाठी त्याच कंपनीच्या २०११ सालच्या 'डार्क सोल्स' मधला 'बेड ऑफ केऑस' हा बॉस घ्या. हा झाडासारखा एक प्रचंड प्राणी आहे. त्याच्या दोन बाजूंचे दोन गोळे फोडायचे आणि मग मधल्या गाभ्यापर्यंत पोचायचे. पण पायाखालची जमीन अचानक खचते, आणि त्याचे लांब हात खेळाडूला खड्ड्यात ढकलतात. जमीन कुठे खचणार हे पडून पाहिल्याशिवाय बहुधा कळत नाही. तोपर्यंत तलवार चालवण्याचे, ढाल धरण्याचे जे शिकलो त्याचा इथे फारसा उपयोग नाही. शिवाय हरल्यावर परत यायचा रस्ता लांब. हा अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न झाला.

विशेष म्हणजे एकदा फोडलेला गोळा पुढच्या प्रयत्नातही फुटलेलाच राहतो. अशी सवलत या खेळातले इतर बॉस देत नाहीत. प्रश्न चुकला म्हणून सगळ्यांना दोन गुण वाटून द्यावेत, तसा हा प्रकार आम्हांला वाटला.

दार कोणासाठी बंद?

इथवर आम्ही 'सेकिरो'ची बाजू घेतली. आता तक्रार. भोसकण्याचा वार पायाखाली दाबण्याची विद्या या खेळात आपोआप मिळत नाही, ती कौशल्याचे गुण खर्चून घ्यावी लागते. एखाद्याने ते गुण दुसरीकडे खर्च केले, तर जवळजवळ अनिवार्य असलेला धडा न शिकताच तो परीक्षेला बसतो. ही रचनेतली चूकच आहे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. सहाव्या दिवशी आमचे ज्येष्ठ सहकारी प्रत्येक वार येण्याआधी तो कोणता ते मोठ्याने सांगू लागले होते. "आडवा! उडी! आता भोसकणार!" एकही अंदाज चुकत नव्हता. पण कंट्रोलर त्यांच्या हातात असला की बोट उशिरा पडे. त्यांना सांध्यांचा त्रास आहे. शेवटी कंट्रोलर धाकट्याने घेतला, ज्येष्ठ शेजारी बसून सांगत राहिले आणि एकेचाळिसाव्या प्रयत्नाला गेनिचिरो पडला. आनंद दोघांना झाला. पण खेळाच्या नोंदीत पास एकच झाला. ज्याला विषय अधिक चांगला येत होता तो नापासच राहिला.

'सेकिरो'त काठिण्य कमी करण्याचा पर्याय नाही. २०१९ साली यावर जगभर वाद झाला. सर्वांनी एकच डोंगर चढावा, त्यातच चढण्याचा अर्थ आहे, असे एका बाजूचे म्हणणे होते. ते अगदीच पोकळ नाही. सवलत हाताशी असती तर आम्ही दुसऱ्याच दिवशी घेतली असती आणि वहीची पुढची पाने कोरी राहिली असती. पण 'एकच डोंगर' हेही पुरते खरे नाही. याच खेळात एक घंटा आहे, ती वाजवली की शत्रू अधिक बळकट होतात. म्हणजे काठिण्य वर नेण्याची सोय आहे, खाली आणण्याची तेवढी नाही. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स' मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाचा मान 'सेकिरो'ला मिळाला. एवढ्या चांगल्या खेळात ही उणीव राहावी याचे वाईट वाटते.

इतरांनी वाटा काढल्या आहेत. 'हेडीज' (२०२०) या खेळात एक मदतीचा पर्याय चालू केला की इजा २० टक्क्यांनी कमी होते, आणि पुढच्या प्रत्येक हारीनंतर ही सूट २ टक्क्यांनी वाढत ८० टक्क्यांपर्यंत जाते. 'सेलेस्ट' (२०१८) या उड्या मारत डोंगर चढण्याच्या खेळात सगळ्या खेळाचा वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो. आम्हांला दुसरी वाट अधिक पटली. पहिलीत चुकीची किंमत कमी होते. दुसरीत प्रश्न तोच राहतो, उत्तराला वेळ अधिक मिळतो. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. दिव्यांग विद्यार्थ्यांना लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे अधिक द्यावीत, असे केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. त्याने प्रश्नपत्रिका सोपी होत नाही. वेग तपासायचा नसेल तर वेगापायी कोणी नापास होऊ नये, एवढीच त्यामागची दृष्टी आहे.

तेव्हा एखादी चाचणी, मग ती पडद्यावरची असो की कागदावरची, अवघड आहे की अन्यायाची हे ठरवायला चार प्रश्न पुरतात. जे विचारले ते आधी शिकवले होते का? संकटाची खूण संकटाआधी दिसते का? हरलेल्याला का हरलो ते कळते का आणि लगेच पुन्हा बसता येते का? आणि जे तपासायचे नव्हते, त्यापायी कोणी अडकतो का? 'सेकिरो' दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात उत्तम उतरतो, पहिल्यात थोडा घसरतो, चौथ्यात नापास होतो.

सहामाहीची आमची प्रश्नपत्रिका आम्ही याच चार प्रश्नांवर घासून पाहिली. तिसऱ्या प्रश्नात ती नापास झाली. म्हणून आता निकालानंतरच्या तासाला मुलांना गुण सांगण्याआधी उत्तरपत्रिका हातात देतो, आणि प्रत्येक चुकीपुढे कारण त्यांनाच लिहायला सांगतो. पहिल्या वेळी बऱ्याच जणांनी लिहिले, 'कळले नाही'. आमच्या वहीचे पहिले पानही तसेच होते.